पाण्याचे तीन खांब

१

ओमानमधल्या दुक्मच्या कॅम्पात संध्याकाळ साडेचारला सुरू व्हायची. बंदराच्या कामावरून पिकअप गाड्या परत यायच्या, माणसं बूट झटकायची, आणि दिवसभर वाऱ्याने खोल्यांत भरलेली वाळू जो तो आपापल्या दारातून बाहेर लोटायचा. गजेंद्र सोमण सर्व्हेअर होता. तो आधी यंत्राचं भिंग पुसायचा, यंत्र पेटीत ठेवायचा, दिवसाचे आकडे पुन्हा एकदा तपासायचा आणि मग आंघोळीला जायचा. पाच वाजून दहा मिनिटांनी तो लॅपटॉपसमोर बसलेला असायचा.

मेसचा हुसैनमियाँ, मूळचा दापोलीकडचा, त्याच वेळी चहाचा ग्लास घेऊन दारात यायचा. "झाली का लढाई चालू, साहेब?"

"अजून गोळा नाही टाकला."

"टाका, टाका. साखर कमी टाकलीय. देविकाभाभींचा फोन होता मेसमध्ये, तुम्ही उचलत नाही म्हणून."

लढाई म्हणजे युद्धनौकांचा ऑनलाइन गेम. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असले खेळ खेळावेत याचं कॅम्पात सुरुवातीला हसू झालं होतं. आता कोणी हसत नव्हतं, कारण खेळ कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी गजेंद्रची दुक्मला बदली झाली. बायको देविका आणि दोन्ही मुलं मस्कतला, अल हैलच्या फ्लॅटमध्ये राहिली, तो महिन्यातून एकदा साडेपाचशे किलोमीटर गाडी हाकत घरी जाऊ लागला. मुलगा यश तेव्हा पंधरा वर्षांचा होता. फोनवर तो "हं", "ठीक", "जेवलो" यापलीकडे जात नसे. त्याचं मराठी आई-बाबांपुरतं, अडखळत चालणारं. धाकट्या पूर्वाशी तो इंग्लिशमध्येच बोलायचा आणि तीही घरात फक्त त्याच्याशीच इंग्लिश बोलायची. मग एका सुट्टीत त्याने बापाच्या लॅपटॉपवर हा गेम घालून दिला आणि कानाला हेडफोन लावून दिले. त्या दिवसापासून बाप-लेक रोज पाच दहाला समुद्रात भेटू लागले.

"बाबा, तू तो आहे तिथे मारतोयस," यश सांगायचा. "गोळ्याला पोचायला नऊ-दहा सेकंद लागतात. तो असेल तिथे मार."

गजेंद्रने निळ्या पुठ्ठ्याची एक वही केली. अंतर किती, गोळा किती सेकंद हवेत, समोरच्या जहाजाचा वेग काय, त्याच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, किती पुढे नेम धरला, गोळा कुठे पडला. नेम पाण्याच्या रेषेवर धरायचा, वर नाही. समोरचा बाजू दाखवून आडवा होईपर्यंत माऊसवरचं बोट आवरायचं. धुराड्याचा धूर मागे लांबला म्हणजे तो वेगात आहे, सरळ वर चढला म्हणजे मंदावला. सर्व्हेअरला यात नवं काही नव्हतं. नवं होतं ते मुलाचं इतकं बोलणं.

यशची एक रीत होती. खऱ्या लढाईत उतरण्याआधी तो बापाला सरावाच्या खोलीत घेऊन जायचा. ती खोली म्हणजे दोघांपुरताच एक रिकामा समुद्र. तिथे गजेंद्रने एका वेगाने सरळ जायचं आणि यशने त्याच्यावर नेम लावायचा. जहाज वळवून सगळ्या तोफा समोर आणायचा धीर त्याला कधीच नव्हता. पुढच्या तोफबुरुजाच्या तीनच तोफा तो डागायचा, म्हणून पाण्याचे तीन खांब उठायचे. आधी बरेच पुढे, मग जवळ, मग आणखी जवळ. चौथ्या-पाचव्या खेपेला गोळे जहाजावर आले की म्हणायचा, "झालं, बाबा. हात बसला. मी खऱ्यात जातो." तो निघून गेल्यावरही गजेंद्र त्या रिकाम्या समुद्रात थोडा वेळ सरळ जात राहायचा.

गेल्या मार्चमध्ये काम अडलं आणि गजेंद्रची घरची फेरी चुकली. "तू ये ना इकडे, सुट्टीच आहे," असं तोच यशला म्हणाला. यश मित्राच्या गाडीने निघाला. वाटेतलं अदम गाव मागे टाकलं की रस्ता शंभर-शंभर किलोमीटर वळत नाही. उन्हं कलताना उंट रस्त्यावर आला. मित्र वाचला. कॅम्पच्या फाटकापासून ती जागा एकशे एकोणनव्वद किलोमीटरवर आहे. गजेंद्रने स्वतः मोजली होती, आणि त्यानंतर तो त्या रस्त्याने घरी गेला नव्हता.

याला आता अकरा महिने झाले होते.

२

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो एकटाच सरावाच्या खोलीत होता. हल्ली तो दुसरीकडे जातच नसे. लांबवर एक निर्जीव निशाणाचं जहाज ठेवलेलं असायचं, त्यावर तो गोळे टाकायचा आणि वहीत लिहायचा. बारा किलोमीटर, नऊ सेकंद, थोडा अलीकडे.

पाच चाळीसला त्याच्या नाळेसमोर, बऱ्याच पुढे, पाण्याचे तीन खांब उठले.

त्याने तोफ डागली नव्हती. डागली असती तरी गोळे त्या दिशेला गेले नसते. निशाणाच्या जहाजाला तोफा चालवता येत नाहीत. त्याने खोलीतल्या खेळाडूंची यादी उघडून पाहिली. एकच नाव होतं, त्याचं.

खांब हळूहळू खचले. पाण्यावर पांढरे डाग राहिले, तेही विरले. हेडफोनमध्ये त्याच्या जहाजाच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती.

इंटरनेट, त्याने स्वतःला समजावलं. कॅम्पचं इंटरनेट वाऱ्याबरोबर येतं-जातं. कालचं काहीतरी अडकून आज पोचलं असेल. तरी सवयीने त्याने दुर्बिणीतून अंदाज घेतला आणि लिहिलं: माझे नव्हेत. नाळेपुढे अंदाजे आठशे मीटर. तीन.

मग "तीन"वर त्याची नजर बराच वेळ राहिली.

३

सोमवारी, पाच चाळीसला, सहाशे मीटर. मंगळवारी त्याने दिशा बदलून पाहिली. जहाज गोल वळवलं आणि उलटं दक्षिणेला हाकलं. पाच चाळीसला खांब त्याच्या नव्या वाटेवर, नाळेसमोर, चारशे मीटरवर उठले. इंटरनेटमध्ये अडकलेल्या जुन्या गोळ्यांना त्याचं वळण कळायला नको होतं.

त्या दिवशी हुसैनमियाँ रिकामा ग्लास न्यायला आला होता. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"हे कोण मारतंय, साहेब?"

"तुम्हाला दिसलं?"

"आता माझी नजर एवढी पण गेली नाही. तीन फवारे उडाले ना तिथे?"

"खोलीत कोणी नाहीये. ही बघा यादी."

हुसैनमियाँने यादी बघितली नाही. गजेंद्रच्या उघड्या वहीकडे बघितलं. त्याला वाचायला येत होतं. आठशे, सहाशे, चारशे.

"मग हा कोणी नाही रोज सुधारतोय की," तो म्हणाला. आधी त्याला यात गंमत वाटली असावी, पण वाक्य संपेपर्यंत ती उरली नाही. "साहेब, एक बोलू? बंद करा हे. गुरुवारी गाडी काढा, घरी जा. हवं तर मी येतो बाजूला बसून. वाटेत झोपणार नाही, बडबड करीन."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे इन्शाल्ला झालंय. होणार नाही हे दोघांना ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवसापासून चहाचा ग्लास दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवलेला असायचा.

४

मंगळवारी रात्री त्याने देविकाचा फोन उचलला.

"अहो, सही केलीत का?"

बदलीचा कागद होता. मस्कतच्या ऑफिसात एक जागा रिकामी होत होती. देविका स्वतः साहेबाला जाऊन भेटली होती, नवरा मिळावा म्हणून नवऱ्याच्या ऑफिसात अर्ज करणारी मी पहिलीच बाई असेन, असं नंतर म्हणाली होती. रविवारी सकाळपर्यंत सही पोचली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि तसं झालं तर शाळेचं वर्ष संपताच ती पूर्वाला घेऊन पुण्याला जाणार होती. हे तिने भांडून सांगितलं नव्हतं. शाळेच्या दाखल्याबद्दल विचारावं तसं सांगितलं होतं.

"करतो."

"कागद कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये."

"ड्रॉवरमध्ये सह्या होत नाहीत."

त्याने विचारलं, "यशच्या कॉम्प्युटरवर कोणी बसलं होतं का?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "वायर काढून मी माझ्या कपाटात ठेवली आहे. वर्ष होत आलं. का?"

"सहज."

"सहज तुम्ही काही विचारत नाही. त्याच्या खोलीला मी रोज झाडू मारते. मलाही आवडत नाही तिथे जायला. पण घर आहे, कोणीतरी जायला हवं ना. पूर्वा नऊ वर्षांची आहे हो. तिला भाऊ नाही आणि बाप फोनमध्ये आहे. देऊ तिला? घे गं, बाबा आहे."

"बाबा," पूर्वा म्हणाली, "तू येत नाहीस कारण रोड लांब आहे?"

"हो, बाळा."

"मग आम्ही येऊ?"

"नको," तो इतक्या चटकन म्हणाला की तिने फोन परत आईकडे दिला.

५

बुधवारी काम लवकर आटोपलं. तो पाचलाच येऊन बसला. चहा बाहेर निवत होता. त्याने जहाज उत्तरेकडे तोंड करून सोडलं, वेग पूर्ण केला आणि हात मांडीवर घेतले.

सरळ जायचं. वळायचं नाही. आपण काय करतो आहोत हे त्याला समजत होतं. समजणारा भाग डोक्याच्या एका कोपऱ्यात बसून सांगत होता की हा कुठल्या तरी परदेशातल्या कंपनीच्या संगणकातला बिघाड आहे, तक्रार लिहावी, उत्तर येईल. तो भाग खरंही बोलत असेल. पण त्याच्या बोलण्याला आवाज नव्हता, आणि हेडफोनमध्ये समुद्राला होता.

पाच चाळीस. आधी ती शीळ आली, वरून खाली येणारी. नऊ सेकंद गोळे हवेत असताना बाप काय करतो हे यशला कधीच दिसलं नव्हतं. तो श्वास धरायचा. आत्ताही त्याने धरला.

एक खांब डाव्या बाजूला उठला, एक उजव्या. तिसरा गोळा डेकवर आला.

लॅपटॉप थरथरला, किंवा टेबल. पडद्याच्या कोपऱ्यात जहाजाची ताकद दाखवणारा आकडा होता तो एकानेही कमी झाला नाही. आग नाही, धूर नाही. जहाज जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं.

गजेंद्रने हेडफोन कानांवर दाबून धरले. पुढचं वाक्य त्याला पाठ होतं. ते आलं नाही. फक्त समुद्र होता. तरीही तो मान हलवत राहिला, कोणी काही विचारल्यासारखा, आणि गालांवरून पाणी ओघळून शर्टात गेलं ते त्याने पुसलं नाही.

वहीत त्याने लिहिलं: लागला.

त्या रात्री त्याला अकरा महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली. जेवून आल्यावर त्याने देविकाला संदेश पाठवला. सही जमणार नाही. तुम्ही दोघी पुण्याला जा, मी इथेच बरा आहे. संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली, पण ती थोडी.

६

गुरुवारी पाच दहाला तो बसला. उत्तरेकडे तोंड, पूर्ण वेग.

पाच चाळीस झाले. समोर पाणी सपाट होतं. पाच एक्केचाळीस. त्याने डावी-उजवीकडे पाहिलं. इंटरनेट चालू होतं. यादीत त्याचं एकट्याचं नाव होतं.

मग खूप लांबून, ढोल वाळूत पुरून वाजवावा तसा आवाज आला. तीन वेळा.

त्याने दुर्बीण लावली. समोर, नकाशाच्या अगदी वरच्या कडेला, जिथे निशाणाचं जहाजही ठेवता येत नाही, तिथे तीन बारीक पांढऱ्या रेघा उभ्या होत्या. दुर्बिणीच्या काट्याखाली अंतर उमटलं. अठरा पूर्णांक नऊ किलोमीटर, एकशे एकोणनव्वदचा दहावा हिस्सा.

हे गोळे त्याच्यासाठी नव्हते.

त्याला आठवलं की सराव झाल्यावर यश थांबत नसे. हात बसला की तो खऱ्यात जायचा.

टेबलावरचा फोन वाजला. पूर्वाचा फोटो होता, गाडीच्या मागच्या सीटवरून काढलेला. मधोमध लांब, सरळ रस्ता, दोन्हीकडे पिवळं रान, एका बाजूला आईचा खांदा. खाली तिने लिहिलं होतं: सरप्राइज, बाबा. आई म्हणते सही तिथे येऊन घेऊ.

देविकाने दुसऱ्या घंटीला फोन उचलला. गाडीतल्या स्पीकरवर घेतला असावा, वाऱ्याचा आवाज येत होता.

"सांगितलंच का हिने," ती म्हणाली. "रागवू नका. तुम्हाला रस्ता जमत नाही ना, मला जमतो. शाळा सुटली तशा निघालो. डबा घेतलाय, तेवढं जेवू, सही करा, मग हवं ते—"

"कुठे आहात?"

"अदम कधीच मागे गेलं. आत्ता पाटी गेली बघा, दुक्म एकशे ब्याण्णव."

त्या जागेला उरले तीन किलोमीटर. ताशी शंभरने दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

"गाडी थांबव."

"काय?"

"देविका, बाजूला घे. आत्ता. थांबव गाडी."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिने पुन्हा विचारलं नाही. सिग्नलची टिकटिक ऐकू आली, चाकांखाली खडी वाजली, वारा पडला. गाडी उभी राहिली.

"थांबले," ती म्हणाली. "बोला. समोर काहीच नाही हो. रस्ता रिकामा आहे."

गजेंद्रने डोळे मिटून श्वास सोडला. त्या जागेच्या अलीकडेच अडवलं. यशच्या वेळी हा फोन केला नव्हता, आज केला. हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबत होते, आणि त्यांतून शीळ येत होती.

त्याने पडद्याकडे पाहिलं. उत्तरेच्या कडेला पुन्हा तीन रेघा उठत होत्या, या वेळी घट्ट, एकमेकींना खेटून. काट्याखाली आकडा होता एकोणीस पूर्णांक एक.

गोळ्यांना पोचायला वेळ लागतो. हे गोळे निघाले तेव्हा त्याने थांब म्हटलंही नव्हतं. गाडी कुठे उभी राहील हे तेव्हा देविकाला ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं.

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला.

"पूर्वा, दार का उघडलंस? लाव ते," देविका म्हणाली. मग, "अशी सरकून काय बसलीस? बॅग खाली का ठेवलीस?"

दार लागलं. उघडणाऱ्याने नव्हे, बसणाऱ्याने ओढून घ्यावं तसं, नीट.

गजेंद्र आणि देविकाच्या मध्ये एकशे एक्क्याण्णव किलोमीटर वाळू होती आणि मागच्या सीटवर पूर्वा हळू आवाजात कोणाला तरी काहीतरी सांगत होती. शब्द पोचत नव्हते. मध्येच ती हसली.

"अहो," देविका म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती इंग्लिशमध्ये बोलतेय."

"हं."

"मी मागे बघू?"

"नको. रस्त्याकडे बघ."

"आरशात..."

"आरसा वर कर. देविका, ऐक माझं. आता थांबू नकोस तिथे. दिवे लाव, गाडी काढ. हळू चालव. उंट येतात त्या बाजूला."

ती रडत होती की नाही हे त्याला कळलं नाही. गाडी सुरू झाली, खडी पुन्हा वाजली, मग डांबराचा एकसारखा आवाज. "फोन ठेवू नका," ती म्हणाली.

"नाही ठेवत."

फोन तसाच कानाला लावून तो खोलीबाहेर आला. उन्हं कॅम्पच्या पत्र्यांवरून निघून गेली होती. मेसच्या दारात हुसैनमियाँ तांदूळ निवडत बसला होता. गजेंद्रला इतक्या लवकर बाहेर आलेला पाहून तो उठून उभा राहिला.

"हुसैनमियाँ, घरची माणसं येतायत. दोन-अडीच तासांत पोचतील. जेवायला असतील."

"अरे वा. भाभी आल्या? यल्ला, चला, मग आज डाळीवर नाही भागायचं." त्याने ताट बाजूला ठेवलं, हात पुसले. "किती माणसं, साहेब? त्या हिशेबाने तांदूळ वाढवतो."

फोनमध्ये पूर्वा पुन्हा हसली. या खेपेला तिच्या हसण्याच्या खालून आणखी एक हसणं आलं, जड, आवाज फुटलेल्या मुलाचं, आणि लगेच वाऱ्यात गेलं. देविकाने ऐकलं असावं, कारण तिचा श्वास थांबला. गाडी थांबली नाही.

हुसैनमियाँ वाट बघत उभा होता.

"माझ्यासकट चार," गजेंद्र म्हणाला.